मनाई वाढली त्या वर्षी

५ जुलै २०१८, गुरुवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत दिली होती, तेव्हापासून कोरीच पडून होती. आज उघडली, कारण आज सांगण्यासारखी चांगली गोष्ट आहे आणि घरात ऐकायला कोणी तयार नाही. बायको सुग्राबी म्हणते, आधी होऊ द्या, मग सांगा. जेबा तर ऐकून आत निघून गेली.

घरात आम्ही हिंदी बोलतो, पण माझी शाळा मराठी, म्हणून लिहायला हात मराठीकडेच जातो. मी अन्सार. बाभुळगावात फवारणीचे पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. जेबा माझी एकुलती एक मुलगी, एमबीबीएस झालेली. दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानाला लागूनच तिचा दवाखाना काढून दिला. मागच्या फवारणीत कपाशीवर औषध मारता मारता माणसं पडू लागली, तेव्हा ती जेवायलाही घरी येत नव्हती. कितीतरी जणांना तिनं उभं केलं. जवळच्या खेड्यातला नागोराव तेवढा गेला. तो तिच्याकडेच भरती होता, बरा झाला होता, चहा-बिस्कीट खाऊन स्वतःच्या पायांनी घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी घरी श्वास बंद पडला. त्याची बायको बेबीताई, तिनं मुंबईच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. कौन्सिलनं जानेवारीत हुकूम काढला की चौकशी होईपर्यंत जेबानं डॉक्टरकी करायची नाही. आम्ही नागपूरच्या कोर्टात गेलो. कोर्टानं पुढच्या तारखेपर्यंत मनाई तशीच ठेवली. ती तारीख आता सतरा जुलैला आहे.

चांगली गोष्ट ही की विठ्ठलराव आज दुकानात आले. त्यांच्या आईचा दमा जेबानंच आटोक्यात आणला होता, ते विसरले नाहीत. वकीलसाहेबांनी फोनवर विचारलं होतं, पेशंटला घरच्यांनीच हट्टानं नेलं असं कोणी सांगू शकेल काय? विठ्ठलराव म्हणाले, "अन्सारभाई, काळजी नोका करू. नागोरावच्या गावचे दोन माणसं हायेत माह्याजवळ. बेबीताई घरी नेतो, घरी नेतो करून राह्यली होती, हे त्यायनं कानानं ऐकलं. कोर्टात सांगतीन ते."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्या माणसांनी खरंच ऐकलं काय, हे काही विचारलं नाही. मदतीला आलेल्या माणसाची झडती घेत नसतात.

११ जुलै, बुधवार

दवाखान्याच्या बोर्डावर जेबानं स्वतःच जुनी चादर बांधली आहे. वाऱ्यानं सुटली की पुन्हा बांधते. आज शेजारच्या हंसाबाई आल्या, नुसतं बीपी पाहून द्या म्हणाल्या. मशीन कपाटातच आहे. जेबा नाही म्हणाली आणि त्यांना हात धरून सरकारी दवाखान्याच्या रस्त्यापर्यंत सोडून आली.

मी म्हटलं, "बेटा, घरातल्या घरात, आपल्या माणसाचं, त्यात काय बिघडते?"

"अब्बा, मनाई म्हणजे मनाई."

मग तिनं विचारलं, विठ्ठलरावकाकांनी कोणाला तयार केलं आहे. मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या लोकांना नागपूरला आणू नका."

"काहून?"

"माझ्यासाठी नका आणू."

पोरगी थकली आहे. सहा महिने घरात बसून कोणाचंही मन मरेल. मी ठरवलं, तिला न सांगता आणायचं. बापानं काही ओझी पोरांना न दाखवता उचलायची असतात.

१७ जुलै, मंगळवार

नागपूरहून परत आलो. पाय ठणकत आहेत, पण लिहून ठेवतो.

विठ्ठलरावांनी स्वतःची गाडी दिली. दोन्ही साक्षीदार मागे बसले होते, धुतलेले कपडे घालून. जेबा आदल्या दिवशीच एसटीनं गेली होती, वकीलसाहेबांना भेटायचं आहे म्हणून. आम्ही कोर्टाच्या आवारात पोचलो तर वकीलसाहेब स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "यांची गरज नाही. यांना चहा पाजा आणि परत पाठवा." मला वाटलं, केस एवढी मजबूत झाली की साक्षीदारही नकोत. मनात अल्लाचे आभार मानले.

आत जजसाहेबांनी विचारलं, रुग्णाला घरी कोणाच्या सांगण्यावरून नेलं? वकीलसाहेब उभे राहिले. "सुट्टी माझ्या अशिलानं दिली. त्याबद्दल आमचा वाद नाही. एवढंच म्हणणं आहे की चौकशी लवकर व्हावी."

जेबा समोर पाहत होती. मी तिच्या पाठीकडे पाहत होतो.

जजसाहेबांनी फार वेळ घेतला नाही. चौकशी अपुरी आहे, फवारणीचा हंगाम सुरू झाला आहे, तसेच रुग्ण पुन्हा येणार, म्हणून चौकशी पूर्ण होईपर्यंत मनाई वाढवली. कौन्सिलला सांगितलं, वर्ष संपायच्या आत निकाल लावा. बस. पुढची केस पुकारली.

बाहेर आल्यावर रडू आलं ते रुमालात घेतलं. जेबाच मला बाकावर बसवून पाणी घेऊन आली. तिचा चेहरा असा होता जसा ताप उतरल्यावर माणसाचा असतो. मला वाटलं, धक्क्यामुळे.

वकीलसाहेब चांगले माणूस. जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, तपासायचं नाही, औषध द्यायचं नाही. पण लोकांना काळजी कशी घ्यायची हे सांगायला कोणी अडवलं नाही." आणि मला म्हणाले, "अन्सारभाई, तुमची मुलगी विरळा आहे." हरलेल्या अशिलाच्या बापाशी असं कोण बोलतं? त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

विठ्ठलराव मात्र रागावले. फोनवर म्हणाले, "म्या दोन माणसं उभे केले अन् तुमी चहा पाजून वापस धाडले. मले कायले तोंडघशी पाडलं?" मी माफी मागितली. कशासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं.

४ ऑगस्ट, शनिवार

जेबा रोज दुकानात येऊन बसते. पहिले दोन-चार दिवस मला संकोच वाटला. एमबीबीएस मुलगी, आजूबाजूला ग्रीसचे डाग, जुने वायसर, होजपाइप. ती म्हणाली, "अब्बा, सगळे फवारणारे इथंच येतात. दवाखान्यात पडल्यावर येत होते, इथं पडायच्या आधी येतात."

खरंच तसं आहे. पंप दुरुस्तीला टाकला की माणूस बसतो. ती त्यांना सांगते, वाऱ्याकडे तोंड करून मारू नका, गळका पंप पाठीवर घेऊ नका, ओला सदरा अंगावर वाळू देऊ नका, घरी गेल्यावर आधी आंघोळ मग पोराला उचला. आणि शेवटी एक गोष्ट प्रत्येकाला सांगते, थोड्या मोठ्या आवाजात. "औषध लागून भरती झालात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, तरी घरी जायची घाई करू नका. डॉक्टर जा म्हणाला, तरी पुन्हा विचारा."

डॉक्टर जा म्हणाला तरी! मला हसू येतं. स्वतः डॉक्टर असून डॉक्टरांवर भरवसा नाही हिचा.

२३ ऑगस्ट, गुरुवार

काल बकरी ईद झाली. पुसदचे पाहुणे जेबाला बघायला येणार होते, ते आले नाहीत. फोनही नाही. सुग्राबी जराशी रडली, मग उठून शेजारी कुर्बानीचे वाटे पोचवायला लागली. जे लोक मनाईला घाबरतात ते आधीच कळले, हेही बरंच.

२७ ऑगस्ट, सोमवार

आज बेबीताई दुकानात आल्या.

मी लांबूनच ओळखलं. हातात नागोरावचा पंप. मी हातातला पाना खाली ठेवला. जेबा तेव्हा दोन गड्यांना सांगत होती, नेहमीचंच. बेबीताई रस्त्यावरच थांबल्या. शेवटपर्यंत ऐकलं, ते डॉक्टर जा म्हणाला तरी, तेही ऐकलं. गडी गेले तशी जेबा उठून उभी राहिली.

मी म्हटलं, "बसा ताई."

"बसाले नाही आली." पंप खाली ठेवला. "दिराले द्याचा हाये. गळते." मग जेबाकडे न पाहता म्हणाल्या, "गड्यायले सांगून काय होते? आयकतात अन् वावरात गेले का विसरतात. घरच्या बायायले सांगा. सदरा त्याच धुतात, अन् दवाखान्यातून घरी नेतातबी त्याच."

"सांगीन," जेबा म्हणाली. "कुठं बोलावता?"

"आमच्या गावात. शुक्रवारी."

पंपाचं काम मी तिथंच हातासरशी करून दिलं. जाताना जेबा काहीतरी बोलायला गेली, तर त्या म्हणाल्या, "माफीचं मले इचारू नोका. ते निराळं." आणि गेल्या.

मला कळेना, ज्या बाईनं माझ्या पोरीचा दवाखाना बंद पाडला तिच्यावर रागवावं की तिचे आभार मानावेत. सुग्राबीला विचारलं. ती म्हणाली, "तिनं जेबाला गावात बोलावलं ना? मग आज रागवू नका. उद्याचं उद्या."

३१ ऑगस्ट, शुक्रवार

जेबाला गाडीवर सोडायला गेलो. समाजमंदिरात तीसेक बाया होत्या, शेजारच्या तांड्यावरच्याही आल्या होत्या. बेबीताई घरोघर जाऊन बोलावून आणत होत्या, पण स्वतः दाराजवळच बसल्या आणि जेबाशी एक शब्द बोलल्या नाहीत. तांड्यावरच्या रुपीबाईनं फार प्रश्न विचारले. तिचा नवरा थावरा लोकांच्या वावरात फवारणीला जातो. परत येताना जेबा गाडीवर मागे बसून काहीतरी गुणगुणत होती. जानेवारीपासून हे मी ऐकलं नव्हतं.

११ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी ऑटो येऊन दुकानासमोर थांबला. रुपीबाई होती आणि तिच्या मांडीवर थावरा. अंग घामानं निथळत होतं, तोंडातून लाळ, छातीत घरघर. दवाखान्याचं दार चार पावलांवर. आत सलाइन आहे, सुया आहेत. औषधंही असतील. रुपीबाई जेबाचे पाय धरायला वाकली.

मी चावी काढली. खोटं कशाला लिहू, मी चावी काढून तिच्यापुढे धरली. कोण विचारणार होतं?

जेबानं चावीकडे पाहिलंसुद्धा नाही. "अब्बा, गाडी काढा. यवतमाळ." मग रुपीबाईला, "कोणतं औषध मारत होता? बाटली आहे?" रुपीबाईनं पिशवीतून बाटली काढली. त्या शुक्रवारी जेबानं सांगितलं होतं ना, बाटली सोबत न्या.

मी माल आणायची गाडी काढली. जेबानं मागे बसून त्याचा भिजलेला सदरा कापून टाकला, त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसत राहिली. एवढं कोणीही करू शकतं, ती म्हणाली, त्याला डॉक्टर लागत नाही. वाटेतच मोठ्या सरकारी दवाखान्यात फोन करून सगळं सांगितलं. आम्ही पोचलो तर दारात स्ट्रेचर तयार. तिथल्या तरुण डॉक्टरनं बाटली पाहिली आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं. देव त्याचं भलं करो.

जेबा वॉर्डाच्या दाराबाहेरच उभी राहिली. आत गेली नाही. तिचे हात मुठी आवळून आवळून पांढरे पडले होते.

१३ सप्टेंबर, गुरुवार

आज गणपती बसले. सकाळी रुपीबाईचा फोन आला. थावरा उठून बसला आहे, चहा प्यायला, हसून राह्यला आहे. भाऊबंद ऑटो घेऊन आले, सही करून घरी नेतो म्हणतात. डॉक्टर नाही म्हणतात, पण भाऊबंद ऐकत नाहीत.

जेबा चपला घालून दारातच होती. आम्ही यवतमाळला पोचलो तर वॉर्डाबाहेर बेबीताई आधीच येऊन बसल्या होत्या. रुपीबाईनं त्यांनाही फोन केला होता.

थावराचा भाऊ जेबाला म्हणाला, "तुमी डॉक्टर नाही आता. तुमाले काय इचारू?"

जेबा म्हणाली, "बरोबर आहे. मला नका विचारू."

तेव्हा बेबीताई उठल्या. भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "मले इचार. माह्या घरवाल्यानंबी असाच चहा घेतला होता. मी या डॉक्टरीणबाईले म्हनलं होतं, अजून एक दिवस ठेवा. मले त्यायचा आवाज बारीक वाटून राह्यला होता. या म्हनल्या, गरज नाही, न्या. मी नेलं. रात्री त्यायले उशीवरून डोकं उचलता येत नव्हतं. सकायपरेंत संपलं. आता ने तू याले, तुले न्याचाच असन तर."

भाऊ जेबाकडे पाहत होता. जेबा म्हणाली, "खरं आहे. मीच न्या म्हटलं होतं."

भावानं ऑटो परत पाठवला.

मी भिंतीला टेकून उभा होतो. विठ्ठलरावांच्या गाडीत मागे बसलेली ती दोन माणसं डोळ्यांपुढे आली, धुतलेले कपडे घातलेली. ती कोर्टात शपथ घेऊन सांगणार होती की बेबीताईनं हट्ट करून नेलं. त्यांना मीच नेलं होतं. आणि मी म्हणत होतो, पोरगी थकली आहे.

जास्त लिहवत नाही.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे थावराची मान ढिली पडली. डोकं उचलेना, श्वास अपुरा पडू लागला. वॉर्डातच होता म्हणून लगेच मशीनवर घेतला. तांड्यावर असता तर? बेबीताई आणि जेबा रात्रभर एकाच बाकावर बसल्या होत्या, बाकाच्या दोन टोकांना. मी जुम्म्याची नमाज यवतमाळलाच पढलो.

२५ सप्टेंबर, मंगळवार

थावरा घरी आला. आवाज अजून बसलेला आहे, पण मान ताठ आहे. रुपीबाई दुकानात येऊन जेबाला ज्वारीच्या पाच भाकरी आणि मिरचीचा ठेचा देऊन गेली. जेबानं पाचही खाल्ल्या, कोणाला दिल्या नाहीत. सुग्राबी हसत होती.

संध्याकाळी मी जेबाला विचारलं, कोर्टाच्या आदल्या दिवशी वकीलसाहेबांना काय सांगितलंस?

"जे झालं तेच."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही माझ्यासाठी किती धावत होता, अब्बा. तुम्हाला थांबवायचं कसं, ते कळत नव्हतं."

मी म्हटलं, मनाई वाढली ते बरंच झालं. मग मीच दचकलो, हे माझ्या तोंडून निघालं. ती म्हणाली, "मला त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली होती. उठली असती मनाई, तर मी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला असता आणि प्रत्येक पेशंटला घाबरले असते."

२० नोव्हेंबर, मंगळवार. मुंबई

चौकशी आज झाली. काल धामणगावहून संध्याकाळची गाडी धरली. बेबीताईंनाही तक्रारदार म्हणून बोलावलं होतं. त्या कधी एवढ्या लांब गेल्या नव्हत्या, दिराला कापूस वेचणीतून सवड नव्हती. जेबा म्हणाली, आपल्यासोबत येतील. मी विचारलं, हे चालतं काय? वकीलसाहेब फोनवर हसले. म्हणाले, "गाडीत कोणी कोणासोबत बसावं यावर कायदा नाही. केसबद्दल तेवढं बोलू नका."

बेबीताई केसबद्दल बोलल्याच नाहीत. खिडकीशी बसून अंधारातला अख्खा वऱ्हाड पाहत आल्या. जेबानं वरचा बर्थ दिला तर म्हणाल्या, वरून पडली तर आनखी एक केस होईन. त्या मस्करी करतात हे मला तेव्हाच कळलं.

कार्यालयात शिपायानं विचारलं, "तुम्ही कोणाकडून? तक्रारदार इकडे बसा, डॉक्टरकडचे तिकडे." मी मध्येच उभा. माझ्या एका हातात बेबीताईंची पिशवी आणि दुसऱ्या हातात जेबाची फाइल होती.

आत मला जाऊ दिलं नाही. जेबानं नंतर सांगितलं. बेबीताईंना विचारलं, तुमचं काय म्हणणं? त्या म्हणाल्या, "यायची चूक झाली. माहा माणूस गेला. ते मी मांगं घेत नाही. पन यायनं ती चूक माह्या डोक्यावर टाकली नाही. टाकता आली असती. माणसंबी तयार होते, गावात मले कळलं होतं." पुढे म्हणाल्या, "अन् यंदा आमच्या गावात कोनी मेलं नाही. तेबी लिहून घ्या."

दुपारी सुग्राबीचा डबा मी त्या दोन बाकांच्या मधे जमिनीवरच उघडला. दोघीही खाली बसल्या. शिपाई काही बोलला नाही. त्यालाही एक पोळी दिली, त्यानं घेतली.

२८ डिसेंबर, शुक्रवार

निकाल आला. सुट्टी लवकर दिली हा निष्काळजीपणा ठरला. एक वर्षाची मनाई, आतापर्यंतचा काळ त्यात धरून. म्हणजे जानेवारीत संपेल.

मी दवाखान्याला चुना मारायचं बोललो तर जेबा म्हणाली, एवढ्यात नाही. यवतमाळच्या त्या वॉर्डात तिनं अर्ज केला आहे. थावराला सुई देणारा तरुण डॉक्टर तिच्यापेक्षा वयानं लहान आहे, त्याच्या हाताखाली काम करणार. विषबाधेचे रुग्ण नीट शिकल्याशिवाय बोर्डावरची चादर काढणार नाही म्हणते. मी वाद घातला नाही. या वर्षी एवढं मीही शिकलो.

ती मला घेऊन बेबीताईंकडे गेली. निकाल त्यांना तिनं स्वतः वाचून दाखवला. बेबीताई अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडत होत्या. ऐकून झाल्यावर थोडा वेळ मोडतच राहिल्या.

"मले वाटलं होतं, लई मोठी शिक्षा भेटली का मले बरं वाटन," त्या म्हणाल्या. "तसं काही वाटलं नाही." मग पदरानं हात पुसले. "यवतमाळहून कवा येसान?"

"एक वर्षानं. कदाचित दोन."

"या मंग. आमाले इथं डॉक्टर लागते. पन म्या थांबा म्हनलं, तर थांबाचं."

"थांबीन," जेबा म्हणाली.

त्यांनी आम्हाला चहा केला. पहिल्यांदाच. मी तो बशीत ओतून हळूहळू प्यायलो, लवकर संपू नये म्हणून. घरी आल्यावर शुक्रान्याची नमाज पढलो. कोणाकोणाचे आभार मानायचे ते आठवू लागलो. कोर्टाचं नाव पहिलं आलं आणि बेबीताईंचं त्याच्याही आधी.